कॅज्युअल्टीच्या रजिस्टरात नुसता 'ताप' नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, रोटांच्या सणाला आमच्या घरी सुरतेहून, पुण्याहून वीसेक माणसं जमली होती. कानबाईला निरोप दिला आणि तिसऱ्या दिवशी निम्मं घर तापानं फणफणलं. आई ऐंशीची. रात्री तिला दम लागला, म्हणून जळगावी एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेलं. बाकावर बसलेल्यांपैकी बहुतेकांचं दुखणं तेच होतं: ताप, खोकला, अंगदुखी. रजिस्टरात आईच्या नावापुढे मात्र एकच शब्द लिहिला गेला, 'ताप'. खोकला नाही, कधीपासून ते नाही, गावसुद्धा नाही.

आरोग्य खात्यात नोकरी केल्यामुळे तो एकटा शब्द मला फार खुपला. ताप डेंग्यूचाही असतो, मलेरियाचाही. १० दिवसांच्या आत सुरू झालेला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आणि सोबत खोकला, ही फ्लूसारख्या आजाराची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या. तेवढं रजिस्टरात लिहायला पेन पुरतो.

न्यूयॉर्क शहरात २००१ पासून इमर्जन्सी विभागात आलेल्यांच्या तक्रारी रोज आरोग्य खात्याकडे जातात आणि भागवार मोजल्या जातात. घशाच्या स्वॅबचा अहवाल यायच्या आधीच कुठे आकडा चढतोय ते दिसतं. हे आधी कळणं मोलाचं आहे, कारण फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत दिलं तर सर्वांत चांगलं लागू पडतं.

आपल्याकडेही २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे, २०२१ पासून त्याची माहिती देशभर ऑनलाइन भरली जाते. पण मूळ नोंदच अर्धवट असेल, तर संगणक तरी काय करणार?

भारतात फ्लू दोनदा उसळतो: जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात, पावसाळा सरताना. खानदेशात नेमकी तेव्हाच माणसं गावी परततात. श्रावणात कानबाईसाठी, आणि होळीला सातपुड्यातले ऊसतोड मजूर गुजरातहून. निदान या दोन हंगामांत तरी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी कॅज्युअल्टीतले ताप-खोकल्याचे रुग्ण वय आणि तालुक्यानुसार रोज मोजावेत. खाजगी रुग्णालयांनाही त्यात घ्यावं.

आई आठवड्याने घरी आली. आपण पावसाळ्यात हतनूर, गिरणा धरणांचा साठा छापता, लोक तो आवर्जून वाचतात. त्याच्याच शेजारी हा ताप-खोकल्याच्या रुग्णांचा आकडाही दर आठवड्याला छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त आरोग्य कर्मचारी, अमळनेर