गैरवर्तन रोखणाऱ्या पोलिसाच्या पाठीशी कोण उभे राहते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोलिसांच्या हातून मारहाण, कोठडीतील छळ, लाचखोरी किंवा खोटा गुन्हा दाखल करण्याचा प्रकार उघडकीस आला की पुढच्या बातम्यांचा क्रम वाचकांना आता पाठ झाला आहे. आधी चित्रफीत येते, मग संबंधित कर्मचाऱ्याचे निलंबन होते, त्यानंतर ‘कोणाचीही गय केली जाणार नाही’ असे वरिष्ठांचे निवेदन प्रसिद्ध होते आणि शेवटी खातेनिहाय चौकशी सुरू असल्याची एक ओळ वाचायला मिळते. या सगळ्यात दोन माणसांविषयी सहसा काहीच छापून येत नाही. एक म्हणजे तो प्रकार घडत असताना शेजारी उभा असलेला सहकारी आणि दुसरा म्हणजे त्या दोघांचा वरिष्ठ. पोलिसांच्या गैरवर्तनाचा प्रश्न सुटतो किंवा अडतो तो याच दोघांपाशी, असे माझे मत झाले आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० रोजी डेरेक शॉविन या पोलीस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून धरला आणि त्यात फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. हे जगाला ठाऊक आहे. त्या वेळी तेथे आणखी तीन पोलीस होते, त्यांपैकी दोघे नोकरीत अगदी नवे होते आणि त्यातल्या एकाला प्रशिक्षण देण्याचे काम स्वतः शॉविन याच्याकडे होते, हे मात्र कमी लोकांच्या लक्षात राहिले. दुसऱ्या नवख्या पोलिसाने ‘यांना कुशीवर वळवायचे का?’ असे दोनदा विचारले, पण ज्येष्ठ सहकाऱ्याचा नकार आल्यावर तो पुढे काही करू शकला नाही. विशेष म्हणजे सहकाऱ्याचा बेकायदा बळाचा वापर थांबवणे हे प्रत्येक पोलिसाचे कर्तव्य आहे, असा नियम त्या शहराच्या पोलीस दलाने २०१६ पासूनच लागू केला होता. नियम कागदावर होता आणि रस्त्यावर चालले ते ज्येष्ठाचे. पुढे २०२२ मध्ये त्या तिघांनाही फेडरल न्यायालयात शिक्षा झाली.

या प्रकरणातील एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. शॉविन याने २०१७ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलावर बळाचा अतिरेक केल्याची कबुली नंतर न्यायालयात दिली. म्हणजे ती घटना घडून गेल्यावरही तो सेवेत राहिला आणि त्याच्या हाती नवे पोलीस शिकायला सोपवले गेले. नवख्याला कोणाच्या हाताखाली द्यायचे, हा निर्णय कोणीतरी वरिष्ठच घेत असतो. प्रशिक्षण केंद्रात कायद्याची कलमे कितीही पाठ करून घेतली, तरी ‘तिथले तिथे राहिले, इथे काम असे चालते’ हे वाक्य पहिल्याच नेमणुकीत कानावर पडले की त्या कलमांचे काय होते, ते सांगायला नको.

वरिष्ठांची जबाबदारी ठरवणारे नियम जगाने फार पूर्वी लिहून ठेवले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या पोलिसांसाठीच्या आचारसंहितेनुसार पोलिसाने तिचे उल्लंघन रोखले पाहिजे, त्याला ठामपणे विरोध केला पाहिजे आणि त्याची माहिती वरिष्ठांना, गरज पडल्यास अन्य योग्य यंत्रणेलाही दिली पाहिजे. हवाना येथे १९९० मध्ये स्वीकारलेली बळाच्या वापराविषयीची मूलतत्त्वे याहून पुढे जातात. हाताखालचे लोक बेकायदा बळ वापरत आहेत हे वरिष्ठाला ठाऊक असेल किंवा ठाऊक असायला हवे होते आणि तरीही त्याने ते रोखण्यासाठी आपल्या हातातले सर्व उपाय केले नाहीत, तर तो जबाबदार धरला जावा, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. उघडपणे बेकायदा असलेला आदेश नाकारण्याची वाजवी संधी असूनही तो पाळणाऱ्याला ‘वरून आदेश होता’ ही सबब पुरत नाही. आणि जो असा आदेश नाकारतो किंवा इतरांच्या गैरवर्तनाची माहिती देतो, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होता कामा नये. ‘ठाऊक असायला हवे होते’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण ‘मला कल्पना नव्हती’ हा वरिष्ठांचा नेहमीचा बचाव तेथे टिकत नाही.

कल्पना असण्यासाठी लागणारी माहिती बहुतेक वेळा कार्यालयातच पडून असते. लॉस एंजेलिसमध्ये ३ मार्च १९९१ रोजी रॉडनी किंग या नागरिकाला पोलिसांनी केलेल्या मारहाणीनंतर नेमलेल्या ख्रिस्तोफर आयोगाने पोलीस दलाच्याच नोंदी तपासल्या. बळाच्या अतिरेकाच्या किंवा अयोग्य पद्धतीच्या सहा किंवा त्याहून अधिक तक्रारी असलेले ४४ अधिकारी त्यांत सहज सापडले. त्यांचे वार्षिक कामगिरी अहवाल मात्र बहुतांशी कौतुकाचे होते. तक्रारी एका फायलीत आणि शेरे दुसऱ्या फायलीत, आणि शेरे लिहिणाऱ्याने तक्रारींची फाईल उघडायची तसदी घेतली नाही. किंग यांचा भाऊ दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेला, तेव्हा तेथील सार्जंटने त्याची रीतसर तक्रारही नोंदवून घेतली नाही, याची दखलही आयोगाने घेतली आहे. प्रत्यक्ष मारहाण होत असताना एक सार्जंट तेथे हजर होता आणि इतर अनेक पोलीस पाहत उभे होते. हा मूलतः नेतृत्वाचा प्रश्न आहे, असा निष्कर्ष आयोगाने काढला, तो या पार्श्वभूमीवर.

जो गप्प राहत नाही, त्याचे काय होते? अमेरिकेतीलच बफेलो शहरातील कॅरिओल हॉर्न या महिला पोलिसाने २००६ मध्ये, बेड्या घातलेल्या माणसाचा गळा आवळणाऱ्या आपल्या सहकाऱ्याला अडवले. हा तिचा दावा खात्याने मान्य केला नाही आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी वीस वर्षे पूर्ण व्हायच्या आत, २००८ मध्ये, तिला बडतर्फ केले. त्या सहकाऱ्याला पुढे दुसऱ्याच एका प्रकरणात बळाच्या अतिरेकाबद्दल शिक्षा झाली. हॉर्न यांची बडतर्फी न्यायालयाने रद्द केली आणि निवृत्तिवेतनाचा हक्क मान्य केला, पण तोवर २०२१ साल उजाडले होते. मधल्या तेरा वर्षांत त्या दलातील प्रत्येक शिपायाने या प्रकरणातून काय धडा घेतला असेल, याचा विचार केला म्हणजे सहकारी गप्प का राहतात, हे कोडे उरत नाही. एखाद्याची अडगळीच्या जागी बदली, रजा नाकारणे, गोपनीय अहवालात एक उणा शेरा, अशा साध्या उपायांनीही हाच धडा देता येतो आणि त्याची बातमी होत नाही.

वरिष्ठाचे नैतिक नेतृत्व भाषणांपेक्षा त्याच्या रोजच्या मागण्यांतून दिसते. ‘दोन दिवसांत गुन्हा उघडकीस आलाच पाहिजे’ असे हजेरीच्या वेळी बजावणाऱ्या अधिकाऱ्याने कोणाला मारा असे म्हटलेले नसते. मात्र कबुलीजबाब आल्यावर तो कसा मिळवला हे तो विचारत नाही, तेव्हा हाताखालच्यांना न उच्चारलेले वाक्यही समजते. याउलट, अटकेची वेळ, वैद्यकीय तपासणी आणि स्टेशन डायरीतील नोंद यांचा मेळ बसतो का हे स्वतः पाहणारा, वेळी-अवेळी कोठडीत डोकावणारा आणि तपासाला लागणारा वेळ देणारा अधिकारी संपूर्ण ठाण्याचे वळण बदलतो. असे अधिकारी आहेत, आणि त्यांची दखल पदक देण्यापुरतीही घेतली जात नाही, हे मला खेदाने लिहावे लागते.

हस्तक्षेप करणे शिकवता येते, याचाही अनुभव आहे. न्यू ऑर्लिन्सच्या पोलीस दलाने २०१६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण सुरू केले. बघ्यांच्या मानसिकतेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एर्विन स्टाउब यांचे काम त्याच्या मुळाशी होते. सहकाऱ्याचा तोल सुटत आहे हे दिसताच त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेणे म्हणजे गद्दारी नसून त्याची नोकरी वाचवणे आहे, आणि कनिष्ठाने असे केल्यावर वरिष्ठाने राग मानायचा नाही, हे तेथे सरावातून शिकवले जाते.

यावर ‘अशाने दलाचे मनोधैर्य खचेल’ असा आक्षेप घेतला जातो. कठीण परिस्थितीत काम करणाऱ्या पोलिसांविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हा आक्षेप मला पटत नाही. मनोधैर्य खचते ते प्रामाणिक माणसाचे, आणि तेही मारकुट्या सहकाऱ्याला बढती मिळताना पाहून. मिनियापोलिसचे तत्कालीन पोलीसप्रमुख मेडारिया अराडोंडो यांनी फ्लॉइड प्रकरणातील चौघा पोलिसांना दुसऱ्याच दिवशी सेवेतून काढले आणि पुढे न्यायालयात शॉविनच्या विरोधात स्वतः साक्ष दिली. पोलीसप्रमुखाने आपल्याच माणसाविरुद्ध साक्ष देण्याचे उदाहरण विरळा, पण त्या साक्षीने नियम पाळणाऱ्या पोलिसांना बळच मिळाले असेल.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वरिष्ठाला स्वतःचीच खुर्ची कधी जाईल याची खात्री नसेल, तर तो हाताखालच्याला संरक्षण देऊ शकत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस महासंचालकांपासून ठाणे प्रमुखांपर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ आणि राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे असे निर्देश एकाच आदेशात दिले. अधिकाऱ्याला अभय आणि नागरिकाला दाद मागण्याची जागा या दोन गोष्टी एकत्र ठेवण्यात मोठा अर्थ आहे.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे. अशा प्रकरणाच्या बातमीत निलंबित कर्मचाऱ्याच्या नावाबरोबर तीन प्रश्न विचारले जावेत. त्या वेळी तेथे आणखी कोण हजर होते? त्या कर्मचाऱ्याविरुद्ध आधी तक्रारी होत्या का, आणि त्या कोणत्या वरिष्ठाच्या टेबलावरून गेल्या? कोणी त्याला अडवले असेल किंवा माहिती दिली असेल, तर ती व्यक्ती आज कोणत्या जागी काम करते? आणि वर्षभराने, खातेनिहाय चौकशीचे काय झाले हे विचारायला आपला प्रतिनिधी पुन्हा एकदा त्या कार्यालयात जावा.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक