आई-बाबा, आधी परतीचे पैसे बाजूला काढा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, निवृत्तीनंतर परदेशी शहरांत मुक्काम करत फिरायच्या तुमच्या बेताचा जो खर्चाचा तक्ता पाठवलात, तो मी नीट बसून वाचला. शहरांची नावं, पुढे घरभाडं, बाजारहाट, वीज, इंटरनेट, बस-मेट्रो आणि शेवटच्या रकान्यात महिन्याची बेरीज. किती मन लावून केलंय ते ओळीओळीत दिसतं. आई, तू समासात पेन्सिलीने लिहिलेलं 'इथे किती दिवस?' हेही पाहिलं. बाबांच्या सगळ्या बेरजा तुझ्या त्या प्रश्नावर अवलंबून आहेत, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितेय.

तुम्ही जावं, असं मला मनापासून वाटतं. 'या वयात कशाला?' म्हणणारे पुष्कळ भेटतील, मी त्यांतली नाही. आयुष्यभर रजा पुरवून पुरवून फिरलात, आता तारीख-वार न पाहता राहता येतंय तर राहा. फक्त हा बेत वर्षभरात दमून मोडू नये, आणि मोडलाच तर तुम्ही अडचणीत येऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

तक्त्यातले आकडे त्या गावात वर्षभर राहणाऱ्या माणसाचे आहेत, आणि तुमचा बेत दर तीन-चार आठवड्यांनी गाव बदलायचा. या दोन गोष्टी जुळत नाहीत. जागा बदलली की तिकिटं आणि सामानाचे पैसे तर जातातच, पण त्याहून जास्त पैसे सुटे सुटे जातात. घर ताब्यात मिळेपर्यंत हॉटेल, बसचा मार्ग ठाऊक नसल्यामुळे टॅक्सी, नवं सिमकार्ड. तेल, मीठ, साबण सगळं पुन्हा विकत घ्यायचं आणि निघताना अर्धं तिथेच टाकून यायचं. पहिले काही दिवस स्वयंपाकघर लागलेलं नसतं म्हणून बाहेर जेवण. शिवाय महिन्या-महिन्याने घेतलेल्या घराला भाड्यात जी सूट मिळते, ती आठवड्याच्या मुक्कामाला मिळत नाही. स्वस्त शहरात भराभर फिरण्यापेक्षा थोड्या महागड्या शहरात तीन महिने ठाण मांडून राहणं अनेकदा कमी खर्चात होतं. वर्षात तीन, फार तर चार मुक्काम करा. पैशांचं सोडा, तुमच्या झोपेलाही तेच बरं.

मुक्काम किती लांबवायचा हे पूर्णपणे आपल्या हातात नसतं, व्हिसाही ते ठरवतो. युरोपातले शेंगेन गटाचे २९ देश या हिशेबात एकच धरतात. पर्यटक म्हणून कोणत्याही १८० दिवसांत तिथे ९० दिवसच राहता येतं, आणि येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. पोर्तुगालमध्ये ९० दिवस काढून स्पेनमध्ये गेलं की मोजणी नव्याने सुरू होते असा अनेकांचा समज असतो, तसं होत नाही. बाबांच्या तक्त्यात लिस्बन, व्हॅलेन्सिया आणि अथेन्स ओळीने लावलेत, तिन्ही याच गटातली. ते तसेच ठेवायचे तर मधला काळ गटाबाहेर काढावा लागेल, नाहीतर एखाद्या देशाचा निवासी व्हिसाच घ्यावा लागेल. पोर्तुगालचा डी-सेव्हन व्हिसा पेन्शन, भाडं अशा काम न करता मिळणाऱ्या उत्पन्नावर मिळतो. एका माणसासाठी निदान तिथल्या किमान वेतनाइतकं उत्पन्न दाखवावं लागतं आणि जोडीदारासाठी आणखी त्याच्या निम्मं. तुमच्या बाबतीत ते जमण्यासारखं आहे. पण तो व्हिसा घेतला की तिथे खरोखर राहावं लागतं, मग जगभर भटकणं आपोआप कमी होतं.

थायलंडचं गणित वेगळं आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांना निवृत्तीच्या कारणावरून वर्षावर्षाने मुदत वाढवून मिळते. त्यासाठी तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवावे लागतात किंवा महिना ६५ हजार बाटचं उत्पन्न दाखवावं लागतं. बाबा, तुम्ही हे ८ लाख खर्चात धरले नाहीत, आणि ते खर्च नाहीतच. पण ते मोकळेही नाहीत. अर्जाच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने त्यांना हात लावता येत नाही, आणि उरलेल्या काळात शिल्लक ४ लाखांखाली गेलेली चालत नाही. अचानक गरज पडली तर हा पैसा आपल्या उपयोगाचा नाही, असंच धरून चाला. शिवाय सलग राहिलात तर दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. २०२४ पासून तिथे वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहणाऱ्यांनी बाहेरून आणलेल्या उत्पन्नावरच्या कराचे नियमही कडक झालेत. जाण्याआधी एखाद्या जाणत्या कर सल्लागाराची फी द्या, तो पैसा वाया जाणार नाही.

नियम कायमचे नसतात, हेही मनात असू द्या. मलेशियाने आपल्या दीर्घ मुक्कामाच्या योजनेत २०२१ साली महिन्याच्या उत्पन्नाची अट १० हजार रिंगिटवरून थेट ४० हजार रिंगिटवर नेली. २०२४ मध्ये योजनेची घडी पुन्हा बदलली आणि घर विकत घेण्याची अट आली. पहिल्या अटीवर आयुष्य बेतणाऱ्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा. म्हणून कुठल्याही देशात पहिल्या दोन वर्षांत घर घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

आता शहरांबद्दल. थायलंडमधल्या च्यांग मायपुढे बाबांनी बारा महिन्यांची बेरीज मांडलीय. फेब्रुवारी ते एप्रिल तिथे शेतं आणि रानं जाळल्याचा धूर दाटतो. त्या दिवसांत तिथे राहणं आईच्या दम्याला झेपणार नाही. म्हणजे तेवढे महिने दुसरीकडे जाणं आलं आणि दोन घरांचं भाडं आलं. इक्वेडोरचं क्वेन्का शहर निवृत्त परदेशी लोकांचं आवडतं. व्यवहार डॉलरमध्ये, हवा थंड. पण ते अडीच हजार मीटर उंचीवर आहे. बाबा, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथलं तिकीट काढायचं नाही. लिस्बनची जी घरं तुम्ही स्वस्त म्हणून निवडलीत, ती बहुतेक चढावरच्या जुन्या इमारतींत आहेत. फोटो मोठे करून पाहिले, एकाही जाहिरातीत लिफ्टचा उल्लेख नाही. आईने रोज बाजाराची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढायचं का? भाड्यात वाचलेले पैसे फिजिओथेरपीत जातील.

पैसा किती वर्षं पुरेल, हा बाबांचा मुख्य प्रश्न. १९९४ साली विल्यम बेंगन या अमेरिकन सल्लागाराने जुने आकडे तपासून मांडलं की पहिल्या वर्षी जमापुंजीच्या सुमारे ४ टक्के काढले आणि पुढे दर वर्षी महागाईइतके वाढवत गेलं, तर पैसा ३० वर्षं टिकतो. तुम्ही हाच आकडा धरलाय. पण तो अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांवरून काढलेला आहे, आणि त्यात खर्च व गुंतवणूक एकाच चलनात आहे. तुमचं उत्पन्न एका चलनात येणार आणि खर्च चार चलनांत होणार. म्हणून मी तीन किंवा सव्वातीन टक्केच धरीन. दुसरी भीती पहिल्या काही वर्षांची. पुंजी ३० टक्क्यांनी घसरली तर पूर्ववत व्हायला ती सुमारे ४३ टक्के वाढावी लागते, आणि त्याच काळात आपण त्यातून काढत राहिलो तर ती सावरणं आणखी कठीण होतं. दोन वर्षांचा खर्च साध्या ठेवीत असेल, तर पडत्या बाजारात काही विकावं लागणार नाही.

चलन घसरलं की देश स्वस्त झाला, असं बाबा म्हणतात. काही महिने ते खरंही असतं. पण तुर्कस्तानात लिरा कोसळला तशी महागाई ऑक्टोबर २०२२ मध्ये ८५ टक्क्यांवर गेली, आणि घरभाडी परदेशी माणसासाठी थांबली नाहीत. घसरत्या चलनाच्या भरवशावर वर्षाचं अंदाजपत्रक करू नका. एक छोटी गोष्ट मात्र रोज उपयोगी पडेल. कार्ड वापरताना यंत्र विचारतं की पैसे तुमच्या चलनात घ्यायचे की इथल्या. दरवेळी 'इथल्या' म्हणा. आपल्या चलनाचा दर ते स्वतःच्या सोयीने लावतात.

तब्येतीचा रकाना तक्त्यात सर्वांत बारीक आहे, आणि मला झोप लागत नाही ती त्यामुळे. प्रवास विमा हा अपघाताचा आणि अचानक आजाराचा. आधीपासूनचं दुखणं तो बहुधा धरत नाही, दीर्घ उपचारांचा खर्च देत नाही, आणि सलग किती दिवस बाहेर राहता येईल यालाही त्याची मर्यादा असते. तुम्हाला आंतरराष्ट्रीय आरोग्य विमा हवा, आणि त्याचा हप्ता वयाबरोबर चढत जातो. काही कंपन्या ठरावीक वयानंतर नवा ग्राहक घेतच नाहीत. अमेरिका वगळून विमा घेतला तर हप्ता बराच कमी होतो. रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात आहे की नाही ते वाचा. अर्जात रक्तदाब, दमा, जुनी शस्त्रक्रिया, काहीही लपवू नका. लपवलेली एक ओळ पुढे पूर्ण दावा बुडवते. हप्ता या वर्षीचा नाही, दहा वर्षांनंतरचा विचारून घ्या आणि तोच तक्त्यात लिहा.

औषधांचंही बघा. सर्दीच्या साध्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये नेता येत नाही. कोडीन असलेलं औषध संयुक्त अरब अमिरातीत न्यायचं तर आधी परवानगी लागते. आपण तिथे फक्त विमान बदलणार असलो, तरी सामानात काय आहे ते आधी तपासावं.

आणि आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते. तक्त्यात जाण्याचा सगळा खर्च आहे, परत येण्याचा एक पैसाही नाही. अर्ध्या रात्री दोन तिकिटं काढायची वेळ येईल. व्हीलचेअर लागेल. आल्यावर घर लावेपर्यंत काही महिने जातील, त्यांचा खर्च असेल. ही गंगाजळी वेगळ्या खात्यात असावी आणि फिरण्यासाठी तिला कधीच हात लागू नये. सहा महिन्यांचा घरखर्च, दोन लांबच्या प्रवासांची ऐनवेळची तिकिटं आणि विम्यात आपल्यावर राहणारा वाटा, एवढी तरी असावी. त्यापायी एक मुक्काम रद्द झाला तरी चालेल.

घर विकू नका. भाड्याने द्या, पण अकरा महिन्यांपलीकडे करार नको. आई, तुला राहायला स्वतःची खोली आहे हे माहीत असेल तर तू कुठेही निश्चिंत राहशील, मी तुला ओळखते. बाबांना ही रक्कम अडकून पडलेली वाटेल. वाटू दे.

कागदपत्रं जाण्याआधी करूया. मुखत्यारपत्र वकिलाला दाखवून घ्या, कारण अनेक देशांत ते देणारा माणूस शुद्धीवर नसला किंवा भान हरपलं तर साधं मुखत्यारपत्र चालत नाही, नेमकं हवं तेव्हाच. मृत्युपत्र करा. हे लिहिताना माझा हात जड होतोय, पण तुम्ही दोघं परक्या देशात आणि मी लांब असताना मला दवाखान्याच्या दारात कुणाची सही शोधावी लागू नये. बँकेचा पासकोड ज्या फोन नंबरवर येतो तो बंद पडू देऊ नका, नाहीतर खात्यात पैसे असून हातात काही येणार नाही. आणि पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर कित्येक देश विमानातच बसू देत नाहीत.

तर आता असं करा. पहिला मुक्काम आईने निवडायचा, तीन महिन्यांचा. बाबांनी त्या एकाच गावाचा तक्ता नव्याने करायचा, परतीची गंगाजळी आणि दहा वर्षांनंतरचा विम्याचा हप्ता धरून. मी तुमच्या गोळ्यांची मूळ नावं, ताकद आणि डॉक्टरांचं पत्र एका कागदावर टाइप करून पाठवते. त्यासाठी दोघांच्या चालू औषधांच्या पट्ट्यांचे फोटो मला या रविवारच्या आत हवेत, मागची बाजूही, जिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

तुमची,
लेक