एप्टेशिया खरवडू नका

संपादक महोदय,

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळाच्या तुकड्याला चिकटून एप्टेशिया हे तपकिरी, काचेसारखे समुद्रफूल (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) नको असताना येते. बहुतेक जण ते खरवडतात आणि तिथेच फसतात. तळव्याचा इवलासा तुकडा दगडावर राहिला, तरी त्यातून नवे समुद्रफूल उगवते.

त्याऐवजी ते मारण्यासाठी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड (चुना) आरओ पाण्यात दह्याइतके घट्ट कालवावे. (खायच्या पानाचा चुना नको, त्यात इतर पदार्थ असू शकतात.) पंप बंद करून बोथट सुईच्या सिरिंजने हे मिश्रण हलकेच समुद्रफुलाच्या तोंडावर सोडावे. सुईचा धक्का लागला की समुद्रफूल बिळात आखडते. १०-१५ मिनिटांनी पंप सुरू करावा. एका दिवशी चार-पाचच टिपावीत, नाहीतर पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) झपाट्याने चढतो. हातमोजे आणि चष्मा हवाच.

संख्या वाढली असेल तर एप्टेशिया खाणारी पेपरमिंट कोळंबी उपयोगी पडते. पण तिच्या नावाखाली पाठीला कुबड आणि ठळक पांढरे पट्टे असलेली कॅमल कोळंबी विकली जाते, ती प्रवाळच खाते. विक्रेत्यांनी हा फरक ग्राहकाला सांगितलाच पाहिजे. बर्गिया ही समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियावर जगते, मात्र टाकीत रास (wrasse) जातीचे मासे असतील तर तेच तिला गिळतात.

– सागरी मत्स्यालय सांभाळणारे काही वाचक