संदेष्ट्यांची चित्रे छापताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ-ईस्टरच्या सुमारास मराठी पुरवण्यांतून मोशे, दावीद आणि एलीया या बायबलमधील संदेष्ट्यांची जी चित्रे छापून येतात, ती बहुतेक युरोपीय चित्रपरंपरेतली, म्हणजे गोरी कांती आणि पिंगट केस असलेली असतात. त्याला उत्तर म्हणून हे सारे पुरुष मूळचे आफ्रिकी कृष्णवर्णीयच होते, असे ठासून सांगणारे संदेशही हल्ली मोबाइलवर फिरत असतात. दोन्ही बाजूंचा आवेश मोठा आहे. उपलब्ध पुराव्याकडे मात्र दोघांचेही लक्ष दिसत नाही.

मुळात बायबलला आपल्या माणसांच्या रूपाचे वर्णन करण्याची फारशी हौस नाही. दावीद तांबूस वर्णाचा आणि सुंदर डोळ्यांचा होता, एलीया केसाळ असून कमरेला चामड्याचा पट्टा बांधत असे, एवढ्यावरच ते थांबते. मिद्यान प्रदेशातील मुलींनी विहिरीवर भेटलेल्या मोशेला ‘मिसरी’ (इजिप्तचा) म्हटले, ते त्याच्या वर्णावरून की पेहरावावरून, याचा उलगडा तेथे होत नाही; आणि त्याच मोशेने कूशी, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडील कूश देशातल्या, स्त्रीशी लग्न केल्यावर त्याच्या बहीणभावांनी कुरकुर केल्याची नोंद बायबलमधील गणना या ग्रंथात आहे. मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन धर्मनियमसंग्रहातील रब्बी (धर्मगुरू) इश्माएल यांचे मत अधिक स्पष्ट आहे. इस्राएल लोक ना काळे ना गोरे, तर मधल्या वर्णाचे आहेत, असे सांगताना ते बॉक्सवुड या झाडाच्या लाकडाचा दाखला देतात.

ग्रंथांबाहेरच्या पुराव्यात मला सर्वांत मोलाची वाटतात ती लाखीशची शिल्पे. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ. स. पू. ७०१ मध्ये यहूदा या प्राचीन ज्यू राज्यातील हे नगर जिंकले आणि त्या विजयाची दृश्ये निनवे येथील आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत बायकामुलांसह नगराबाहेर पडणारे आखूड दाढीचे आणि कुरळ्या केसांचे पुरुष दिसतात. हा यशया संदेष्ट्याचा काळ असल्याने त्याच्या समकालीन देशबांधवांचे याहून जवळचे चित्र मिळणे कठीण. दगडात कातडीचा रंग उरत नाही, हे खरेच.

वंशाबाबत बोलायचे तर ‘इस्राएल’ हे नाव प्रथम मिसरी राजा मेरनेप्ताह याच्या इ. स. पू. सुमारे १२०८ च्या शिलालेखात येते, आणि हे लोक बव्हंशी कनानच्या (आजच्या इस्रायल-पॅलेस्टाइन परिसराच्या) डोंगराळ भागातील स्थानिक जनतेतूनच उदयास आले, असे आज बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात. ‘सेल’ या शोधपत्रिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासानुसार कनानी लोक हे स्थानिक नवाश्मयुगीन लोक आणि झाग्रोस-कॉकेशस प्रदेशाशी नाते असलेले लोक यांच्या मिश्रणातून घडले. थोडक्यात, आजचे लेबनीज, पॅलेस्टिनी किंवा सीरियन चेहरे या संदेष्ट्यांच्या चेहऱ्यांना अधिक जवळचे असावेत.

प्रत्येक समाज संदेष्ट्यांना आपल्या परिसराचे रूप देतो, यात काही वावगे नाही. सीरियातील दुरा-युरोपोस येथील सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) तिसऱ्या शतकात स्वतः ज्यूंनीच रंगवून घेतलेला मोशे रोमनकालीन वेषात उभा आहे. आमच्या अलिबाग परिसरातील बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबांतही अग्निरथात बसलेल्या एलियाहू हन्नाबीचे (एलीया संदेष्ट्याचे) चित्र भिंतीवर असते, आणि त्याच्या नावाने मलिदा हा नैवेद्याचा विधी करताना त्याच्या नाकाडोळ्यांची चिकित्सा कोणी करत नाही. ते श्रद्धेचे चित्र असते आणि तसेच ते पाहिले जाते. वृत्तपत्रात मजकुराशेजारी छापलेले चित्र मात्र वाचक माहिती म्हणून घेतो, विशेषतः शाळकरी मुले.

म्हणून विनंती एवढीच, की अशा चित्राखाली ते कोणत्या शतकातील आणि कोणत्या देशातील आहे, याची एक ओळ छापावी. आणि इतिहासविषयक लेख असेल तेव्हा कॅलेंडरवरच्या चित्राऐवजी लाखीशच्या शिल्पाचे छायाचित्र वापरावे.

आपला,
एक वाचक, अलिबाग