आईचे गुडघे, ट्रेडमिल आणि एक एमआरआय

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

साहेब, माझी आई ६४ वर्षांची, शुगर आहे, जिना चढला की छातीत भरून येतं. डॉक्टर म्हणाले टीएमटी करून घ्या, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी. आता जिला देवळाच्या चार पायऱ्या चढायला कठडा लागतो तिला त्या पट्ट्यावर पळवायचं, गुडघे लगेच बोलायला लागले, मशीन थांबवलं आणि रिपोर्टमधून काहीच कळेना. मग थेट अँजिओ, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज आहे का ते बघणं. मनगटातून नळी घातली, एक रात्र ॲडमिट, उसनवारी करून बिल भरलं, आणि निघालं काय तर मोठं ब्लॉकेज नाहीच! देवाची कृपा, पण छातीत भरणं काही थांबलं नाही.

नंतर ओळखीतल्या एका रेडिओलॉजिस्टनी स्ट्रेस परफ्युजन एमआरआयबद्दल सांगितलं. यात पळायचं नसतं, पडल्या पडल्या शिरेतून ॲडेनोसिन नावाचं औषध देतात, त्याने हृदयातल्या रक्तवाहिन्या फुलतात, मग गॅडोलिनियम (एमआरआयमध्ये उठून दिसणारं द्रव्य) सोडून हृदयाच्या स्नायूला कुठे रक्त कमी पडतंय ते बघतात. रेडिएशन नाही. आधीचा जुना ॲटॅक असेल तर त्याचा व्रणही दिसतो. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, आमच्या आईसाठी खरी स्ट्रेस टेस्ट तीच! आणि बायकांत, शुगरवाल्यांत कधीकधी हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या साफ असतात पण बारीक वाहिन्यांत गडबड असते, साध्या अँजिओत ती दिसत नाही, यात दिसू शकते.

हे काही नवं खूळ नाही साहेब. २०१९ साली एमआर-इन्फॉर्म नावाचा अभ्यास आला, ९१८ पेशंट, निम्म्यांना आधी हा एमआरआय, निम्म्यांना थेट अँजिओ करून आत प्रेशर मोजलं. एमआरआयवाल्यांत स्टेंट नाहीतर बायपास लागला ३६ टक्क्यांना, दुसरीकडे ४५ टक्क्यांना, आणि वर्षभरानंतर तब्येतीत फरक नाही. शिवाय अर्ध्याहून जास्त एमआरआयवाल्यांना अँजिओ करावीच लागली नाही.

सगळ्यांना हीच टेस्ट द्या असं नाही म्हणत मी. ॲटॅक आलेल्याला तातडीने कॅथलॅबच (अँजिओ करतात ती खोली) पाहिजे, जास्त दम्याचा त्रास असेल किंवा किडनी खूप खराब असेल तर ही टेस्ट जपूनच, कधी टाळावीही लागते. पण स्टेंटच्या किमतीला सरकारने २०१७ मध्ये लगाम घातला ना, मग स्टेंट मुळात लागतोय का हे बघणाऱ्या टेस्टकडेही बघा की. सरकारी मेडिकल कॉलेजांत एमआरआय मशीन आहेत, १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन या कामाला चालतं. त्यावर दिवसभर कंबर, मणके, डोकी होतात, हृदयासाठी सॉफ्टवेअर, शिकलेला टेक्निशियन आणि रिपोर्ट वाचणारा डॉक्टर लागेल. राज्याच्या प्रत्येक विभागात एका कॉलेजपासून सुरुवात करा आणि आठवड्याला एक दिवस त्यासाठी ठेवा. महात्मा फुले योजनेत या टेस्टला पैसे मिळतात का, हेही स्पष्ट छापा.

आणि तोवर आपल्या खात्याने एवढं तरी कळवावं की आज राज्यातल्या कुठल्या सरकारी हॉस्पिटलात ही टेस्ट होते, मी आईला रात्रीच्या एसटीने घेऊन जाईन.

आपला,
एक मुलगा