स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'स्टॉल चाचणीत इंजिन बंद पाडून विमान कोसळू देतात,' असे कालच्या लेखात छापले आहे. रात्री दहाला ताईचा फोन आला. तिची मुलगी बारामतीला विमान चालवायला शिकते. "पोरीला हे असलं करायला लावतात का रे?" ताई रडकुंडीला आली होती. समजूत घालण्यात अर्धा तास गेला.

मी तरुणपणी हडपसरला ग्लायडिंग शिकलो. ग्लायडरला इंजिनच नसते, तरी पहिल्याच महिन्यात स्टॉल शिकवला. स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायचा दांडा, हळूहळू मागे घेत गेलो. नाक वर गेले, वाऱ्याचा आवाज मंदावला, स्टिक हातात ढिली पडली. मग सगळे ग्लायडर थरथरले आणि नाक खाली गेले. घाबरून मी स्टिक आणखीच मागे ओढली. मागच्या सीटवरून प्रशिक्षक ओरडले, "पुढे घे, पुढे!" पुढे घेताच ग्लायडर सावरले. पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन साधारण 15 अंशांपलीकडे गेला की पंखावरचा प्रवाह सुटतो आणि उचल घटते. स्टॉल तो एवढाच.

प्रवासी विमानाला प्रमाणपत्र देताना तर इंजिनाला शक्ती देऊनही स्टॉल करून दाखवावा लागतो. सरळ उडताना आणि 30 अंश कलून वळतानाही. सरळ उड्डाणात वेग सेकंदाला एका नॉटहून (ताशी सुमारे 1.85 किमी) झपाट्याने उतरू द्यायचा नाही. स्टॉल जवळ आल्याचा इशारा वैमानिकाला वेळेत मिळतो का, विमान 20 अंशांहून जास्त कलंडते का, हे बघतात.

22 ऑक्टोबर 1963 रोजी इंग्लंडमध्ये बीएसी वन-इलेव्हन या प्रवासी जेटच्या अशाच चाचणीत सातही जण गेले. त्या विमानाची आडवी शेपटी उंचावर होती. पंखांमागची विस्कटलेली हवा नेमकी तिच्यावर गेली, नाक खाली आणता येईना आणि विमान आडवेच खाली आले. त्यानंतर त्या विमानांत स्टिक आपोआप पुढे ढकलणारी यंत्रणा बसवली. 1966 मध्ये ट्रायडंट या दुसऱ्या ब्रिटिश जेटच्या चाचणीत आणखी चौघे गेले. या माणसांवर तुमच्या लेखात एक ओळ नाही, याचे मला फार वाईट वाटले.

शिवाय छायाचित्र पंख्याच्या विमानाचे आणि खालची ओळ जेटची, हे दोन महिन्यांत दुसऱ्यांदा झाले. छायाचित्रे कोणी तपासत नाही का?

दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी ही विनंती. ताईला कात्रण पाठवायचे आहे.

– एक वाचक, पुणे