पम्या, चाकूचं आधी हे वाच आणि मगच पैसे टाक

परळ, मुंबई

प्रिय पम्या,

तुझा मेसेज मिळाला आणि तू पाठवलेला फोटोपण बघितला. काळा लांबलचक चाकू, पाठीवर करवतीसारखे दाते, मुठीच्या टोकाला होकायंत्र आणि आत आगपेटी ठेवायला पोकळी. प्लीज, तो घेऊ नकोस. फोनवर तुला रेंज मिळेना आणि हे दोन ओळीत सांगण्यासारखं नाहीये, म्हणून सगळं लिहूनच काढतोय. तू गणपतीच्या सुट्टीवरून परत जाशील तो थेट वर बर्फात, फौजेच्या पोस्टवर, तिकडे तुझ्या खिशात काय असावं ह्याचा मी खरंच खूप विचार केलाय रे.

आधी त्या फोटोतल्या चाकूचं सांगतो, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. मूठ पोकळ म्हणजे पात्याचं लोखंड मुठीत फार आत जातच नाही, इंचभर जातं आणि तिथे पिन नाहीतर स्क्रूवर धरलेलं असतं. सगळा ताण त्याच सांध्यावर येतो. कारखान्याच्या टूलरूममध्ये, जिथे आम्ही साचे आणि अवजारं बनवतो, तिथे बघतो ना, जिथे जाड एकदम बारीक होतं तिथूनच पीस तुटतो, इथेही तसंच. एक खोका उचकटायला गेलास की पातं एकीकडे आणि मूठ हातात. पाठीवरच्या त्या दात्यांनी लाकूड कापलं जात नाही, ते नुसतं अडकतं, वर त्या दात्यांमुळे पातं मागून लाकडाने ठोकताही येत नाही. आणि होकायंत्र लोखंडी पात्याच्या मागेच बसवलेलं, ते उत्तर कुठली दाखवणार?

आता मुद्द्याचं. तू दिवसभर पोस्टवर काय काय करतोस ते तूच मागच्या सुट्टीत सांगत होतास. रसदीच्या खोक्यांच्या पट्ट्या तोडायच्या, टिन उघडायचे, बाइंडिंग वायर पिळून ताडपत्री बांधायची, बुखारीचं, म्हणजे त्या शेगडीचं, काहीतरी अडकलं की ते मोकळं करायचं, टेलिफोनच्या केबलचं प्लास्टिक सोलायचं, जेरीकॅनचं गारठलेलं झाकण फिरवायचं, पिठ्ठूचा, पाठीवरच्या पिशवीचा, पट्टा उसवला तर शिवायचा. ह्यातल्या निम्म्या कामांना चाकू लागतच नाही, पक्कड लागते! म्हणून माझं मत अगदी पक्कं आहे, पहिला खर्च पक्कडवाल्या मल्टिटूलवर कर, म्हणजे पक्कड, पाती, स्क्रू ड्रायव्हर सगळं एकात मिटणारं ते, मग एक छोटा साधा न मिटणारा चाकू, आणि मोठा लढाईचा सुरा अजिबात नको.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाहीये. स्विस सैन्याने १८९० साली जवानांसाठी जो पहिला घडीचा चाकू ठरवला त्यात काय होतं माहितीये? एक पातं, एक दाभणासारखी टोची, टिन उघडायचं आणि एक स्क्रू ड्रायव्हर, बास. स्क्रू ड्रायव्हर का, तर त्यांची तेव्हाची नवी रायफल खोलायला लागायचा. पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून मागवावी लागली, आणि १८९१ पासून कार्ल एल्सेनरने स्वतःच्या देशात बनवून द्यायला सुरुवात केली, तीच आजची व्हिक्टोरिनॉक्स. म्हणजे सैनिकाचा चाकू हा पहिल्यापासून डबे आणि स्क्रूसाठीच होता. उलट दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना जो फेअरबेर्न-साइक्स खंजीर दिला, शांघायच्या पोलिसात काम केलेल्या दोघांनी डिझाइन केलेला, तो दिसायला देखणा पण टोक इतकं बारीक की त्याने काही उचकटायला गेलं की ते मोडायचं. अमेरिकन मरीन्सनी १९४२ मध्ये घेतलेला का-बार टिकला, कारण सात इंची असूनही ते लोक त्याने खणायचे, ठोकायचे, डबे उघडायचे, सगळं करायचे. आणि गोरखा पलटणीतल्या तुझ्या दोस्ताच्या खुकरीच्या म्यानात बघ, बाजूला एक छोटी सुरी असते, कर्दा. खुकरी तोडायला आणि बारीक कामाला ती. म्हणजे एवढं जबरदस्त हत्यार कमरेला असूनही छोटी सुरी लागतेच.

मल्टिटूलमध्ये लेदरमन घे. टिम लेदरमन हा माणूस १९७५ मध्ये बायकोबरोबर जुनी फियाट घेऊन युरोपभर फिरत होता, गाडी सारखी बिघडायची, खिशातल्या चाकूने बाकी सगळं जमायचं पण पक्कड नव्हती, तिथून त्याच्या डोक्यात हे आलं आणि विकायला तयार माल १९८३ मध्ये आला. एवढी वर्षं एकाच गोष्टीमागे लागणारा माणूस मला फार आवडतो. त्यांच्यातलं वेव्ह प्लस तुझ्यासाठी बरोबर वाटतं, वजन साधारण २४० ग्रॅम, पाती बाहेरच्या बाजूला आहेत म्हणजे पक्कड न उघडता एका हाताने पातं निघतं, आणि तार कापायच्या धारा खराब झाल्या तर तेवढ्याच बदलता येतात. व्हिक्टोरिनॉक्सचं स्विसटूलपण उत्तम आहे, फिनिशिंग तर लेदरमनपेक्षा सरस, फक्त ते हातात जड लागतं. लेदरमनचंच एक एमयूटी नावाचं आहे, खास मिलिटरीसाठी म्हणून विकतात, त्यात पडू नकोस, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी एम-१६ जातीच्या रायफलीसाठी आहेत, तुझ्याकडे एके जातीची आहे, तुला त्या कशाला? आणि रायफलीच्या आत कुठलंच मल्टिटूल घालू नको, तिथे तुमचं क्लीनिंग किट आणि चिंदीच.

एक लक्षात ठेव, ह्या पकडीने साधी तार कापायची. काँसर्टिना वायरच्या, म्हणजे त्या वेटोळ्याच्या काटेरी कुंपणाच्या, आतली तार स्प्रिंगसारखी कडक असते, तिच्यावर मल्टिटूल लावलंस तर धारेचा तुकडा उडेल. त्याला मोठा वायर कटर असतो तोच मागून घ्यायचा. एकेएम रायफलीच्या संगिनीला तर पात्यात भोक आणि म्यानाला खुंटी असते, दोन्ही अडकवले की कात्री होते आणि तार कापली जाते. किती डोकं लावलंय बघ.

विकत घेताना मात्र सावध राहा. मी शनिवारी नागदेवी स्ट्रीटला गेलो की बघतो, लोहार चाळीच्या बाजूलापण, हुबेहूब दिसणारा डुप्लिकेट माल असतो, खोक्यासकट. पक्कड मिटून उजेडासमोर धर, टोकं नीट भिडली पाहिजेत आणि मधून फट टोकाकडे वाढत जाता कामा नये. मग दोन्ही मुठी धरून बाजूला हलव, सांध्यात लटपट जाणवली की खाली ठेव. पातं उघडून लॉक लावून पाठीवर अंगठ्याने दाब, आधी हळू मग जोरात, लॉक सुटला तर तो माल हातात घेऊच नको, कारण तो थंडीत बधिर झालेल्या बोटांवर मिटेल. आणि दुकानदार ओळखीचा असेल तर पात्याच्या पाठीवर जुनी बारीक कानस हलक्या हाताने फिरवून बघ. नीट कडक केलेल्या पोलादावरून कानस सरकते, ओरखडा उठला तरी बारीक, आणि मऊ माल असेल तर कानस लगेच पकडते, हाताला कळतंच ते, पांढरा चरा पडतो. आमच्याकडे ह्यावरून माल परत पाठवतात.

छोट्या चाकूचं. पातं चार इंचापर्यंत, बोटभर इकडेतिकडे, जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास, आणि लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं. स्वीडनचा मोरा कंपॅनियन स्वस्त आणि कापायला अप्रतिम, पण त्याचं लोखंड मुठीत पूर्ण जात नाही, म्हणून लाकूड फोडायला, ठोकायला तो नको. मोराचाच गारबर्ग आहे त्यात पूर्ण जातं, महाग आहे पण तुझ्यासाठी मी तोच म्हणेन. पोलादाचं साधं गणित आहे, १०९५ नावाचं पोलाद म्हणजे त्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन, धार सुंदर लागते पण गंज चढतो, आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात तर दोन दिवसात. स्टेनलेसमध्ये कमीत कमी साडेदहा टक्के क्रोमियम असतं म्हणून ते तग धरतं. डी-टू वगैरे फार कडक पोलाद घेऊ नकोस, धार टिकते खरी पण एकदा गेली की पोस्टवर बसून परत लावता येत नाही. लाकडं तोडायला अख्ख्या सेक्शनमध्ये एक कोकणातला कोयता असला तरी पुरे, प्रत्येकाच्या कमरेला कुऱ्हाड कशाला.

आता थंडी. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि दुकानदार हे सांगणार नाही. उणे तीसला उघडं धातू उघड्या हाताला चिकटतं, कातडी निघते. वेव्हची मूठ सगळी स्टीलची आहे, म्हणून तिच्यावर कापडी टेप गुंडाळ, पाती अडणार नाहीत एवढीच. नखाने ओढून काढायची पाती जाड ग्लोव्हजमध्ये निघतच नाहीत, म्हणून तर न मिटणारा चाकू हवा, तो म्यानातून नुसता खेचायचा. सांध्यात ग्रीस भरू नकोस, थंडीत ते गोठून टूल उघडणार नाही, पातळ तेलाचा एक थेंब घालायचा आणि बाकी पुसून टाकायचं. पोलादपण थंडीत ठिसूळ होतं, खाली बेळगावला असताना ज्याने खोका उचकटलास त्याने वर उचकटू नकोस, त्याला रॉड घे.

धारेचं. आपल्या खालच्या गल्लीत सायकलच्या चाकावर दगड फिरवून धार लावणारे काका येतात ना, घरच्या विळीला ठीक आहेत, पण हा चाकू त्यांना देऊ नको. ठिणग्या उडतात तेव्हा धारेचा कडेचा भाग तापतो, तीनशे अंशाच्या आसपास निळसर झाक येते, आणि निळं झालं म्हणजे तेवढं पोलाद मऊ झालं, परत कितीही पाजव, टिकणार नाही. त्यापेक्षा मी तुला छोटी डायमंड प्लेट देतो, वजन नाही, पाणी लागत नाही, आणि वर पाणी गोठतं म्हणून निसण्यापेक्षा हीच बरी. धारेवर काळा मार्कर फिरव, मग प्लेटवर दोनदा हलक्या हाताने घास आणि बघ. शाई धारेच्या अगदी टोकापर्यंत गेली असेल तर कोन बरोबर, नुसती वरून गेली असेल तर पात्याची पाठ थोडी उचल. मोजून मापून करायची गरज नाही, वीस अंशाच्या आसपास. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला नखाला बारीक खरखर लागली की बाजू बदल, शेवटी पट्ट्याच्या आतल्या चामड्यावर उलट्या दिशेने फिरव. मॅगीचं पाकीट आवाज न करता कापलं गेलं पाहिजे.

अजून दोन गोष्टी, ह्या विसरू नको. एक, टूल दोरीने अंगाला बांध. बर्फात पडलेली वस्तू मिळत नाही. पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटची दोरी, मी आणतो, खरी ५५० ची दोरी अडीचशे किलोच्या आसपास वजन धरते आणि आत सात बारीक दोऱ्या असतात, त्या काढून पट्टा शिवायलापण वापरता येतील, दाभण मात्र वेगळं ठेव, वेव्हमध्ये ते नसतं. दुसरी, कंपासने बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन, घेताना मल्टिटूल छातीच्या खिशात ठेवू नको, सुई सरकते. आधी लांब ठेव मग बघ.

आणि कोणाला लागलं तर कपडे चाकूने कापू नका रे, कृपा करून. गडबडीत टोक आत जातं. त्यासाठी बोथट टोकाची वाकडी मेडिकल कात्री मिळते, हॉस्पिटलमध्ये वापरतात ती, जाड कापड, बूट, पट्टा सगळं कापते. ती मी आणूनच ठेवलीये, फर्स्ट एडच्या पाउचमध्ये ठेव आणि दुसऱ्या कामाला वापरू नको.

घेण्याआधी तुझ्या सुभेदार साहेबांना किंवा सीएचएमना (कंपनी हवालदार मेजरना) एकदा विचार, युनिटचे नियम तुला जास्त माहीत. विमानाने गेलास तर हे सगळं चेक-इन बॅगेत, हँडबॅगेत राहिलं तर सिक्युरिटीला काढून घेतील आणि ते परत मिळत नाही. लोकलमध्ये कमरेला लावून फिरू नकोस, बॅगेत तळाला. नऊ इंचापेक्षा लांब पात्याच्या हत्यारांना आर्म्स अ‍ॅक्ट लागतो, आपलं चार इंची आहे आणि कामाचं आहे, तरी शहाणपणा केलेला बरा.

मला फक्त एवढं कळव, वर जे ग्लोव्हज देतात ते घालून मूठ धरली तर अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकतात की मध्ये किती अंतर राहतं, दोरीने मोजून सांग. गारबर्गची मूठ तुला बारीक पडत असेल तर मी तिच्यावर रबरची पट्टी चढवून देतो, गणपतीत तू येशील तोपर्यंत होऊन जाईल. पैशाचं आपण नंतर बघू, ते तू काढूच नको. आई मजेत आहे, काल भेटलो, तिला मी ह्यातलं काही सांगितलेलं नाही, नुसतं एवढंच सांगितलं की पम्यासाठी टिन उघडायचं घेतोय.

तुझाच,
दिग्या